मेघविरहित आकाश

सॅम्युअल बोर्न याने १८६३ ते १८७० या काळात भारतात घेतलेल्या छायाचित्रांत हिमालय आहे, मंदिरे आहेत. आकाश मात्र बहुधा कोरे. हा कोरेपणा निसर्गाचा नव्हे, रसायनाचा. ओल्या कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असे. भूदृश्य उमटेपर्यंत काचेवरील आकाश काळवंडे आणि कागदावर शुभ्र उतरे. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६च्या सुमारास समुद्र व मेघ निरनिराळ्या काचांवर टिपून एका कागदावर जुळविले, ते याच अडचणीमुळे. तत्कालीन प्रवासवर्णनांशेजारी ही चित्रे पुरावा म्हणून मांडणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानी घ्यावयास हवे. ‘मेघदूता’च्या देशात मेघच गाळणारे साधन तटस्थ कसे मानावे? दीर्घ प्रकाशनात चालती माणसेही पुसली जात. चित्रातील निर्जन रस्ता प्रत्यक्षात गजबजलेलाही असू शकेल.