वेदनाशामक पट्ट्या आणि औषधांची अन्योन्यक्रिया

वेदनेवरील औषध पोटातून न देता त्वचेवरून द्यावे, ही कल्पना नवी नव्हे. लेप, तेले आणि मलमे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. नवी आहे ती, औषध ठराविक काळपर्यंत त्वचेत सोडीत राहणारी पट्टी. शरीरभर परिणाम घडविणारी अशी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. ती प्रवासातील मळमळीवर स्कोपोलामीन देण्यासाठी होती. पुढे १९९० साली फेन्टानिलची, १९९९ साली लिडोकेनची, २००७ साली डायक्लोफेनॅकची आणि २००९ साली कॅप्सायसिनची तीव्र पट्टी तेथे मान्यता पावली.

पोटात जात नाही ते औषधच नव्हे, अशी एक समजूत सर्वसाधारण लोकांत आढळते. त्यामुळे आपण घेत असलेली औषधे सांगताना रोगी पट्टीचा उल्लेख करीत नाही, आणि विचारणाराही पुष्कळदा त्याबद्दल विचारीत नाही. उलट पक्षी, माहितीपत्रकातील अन्योन्यक्रियांची लांबलचक यादी पाहून प्रत्येक पट्टी सारखीच धोक्याची मानण्याचीही प्रवृत्ती दिसते. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. अन्योन्यक्रियेचे गांभीर्य मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरते: औषध रक्तात किती पोहोचते, तेथे किती काळ टिकते, आणि ज्या दुसऱ्या औषधाशी त्याची गाठ पडते त्याची सुरक्षित मर्यादा किती अरुंद आहे. प्रस्तुत लेखात या तीन कसोट्यांवर निरनिराळ्या पट्ट्यांचा विचार करावयाचा आहे.

पट्ट्यांचे दोन वर्ग

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तर हा मृत पेशी व स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर असते. तरीही औषधाच्या वाटेतील मुख्य अडथळा हाच होय. लहान रेणूंची व स्निग्ध द्रव्यांत विरघळणारी औषधे तो विसरणाने ओलांडतात. त्यांपैकी जी त्वचेखालच्या ऊतकांतच आपले कार्य करतात, त्यांच्या पट्ट्या स्थानिक म्हणाव्यात. लिडोकेन, डायक्लोफेनॅक, कॅप्सायसिन व मेथिल सॅलिसिलेट यांच्या पट्ट्या या वर्गात मोडतात. फेन्टानिल व ब्यूप्रेनॉर्फीन यांच्या पट्ट्या मात्र दिसावयास तशाच असल्या तरी त्यांचे कार्य मध्यवर्ती तंत्रिका तंत्रावर होते. त्वचा हा त्यांचा केवळ मार्ग असतो. रोग्याच्या दृष्टीने दोन्ही ‘दुखण्याच्या पट्ट्या’च. औषधशास्त्रदृष्ट्या त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

स्थानिक पट्ट्या

लिडोकेनच्या ५ टक्के पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असते. हा आकडा पाहून वाचक दचकेल. परंतु विहित पद्धतीने, म्हणजे चोवीस तासांतून बारा तासच, पट्टी वापरली असता यांपैकी सुमारे ३ टक्केच औषध शोषले जाते. एकाच वेळी तीन पट्ट्या लावल्या तरी रक्तातील सर्वोच्च प्रमाण दर मिलिलिटरमागे सुमारे ०·१३ मायक्रोग्रॅम भरते. हृदयाच्या अनियमित स्पंदनांवर लागणाऱ्या प्रमाणाच्या हे साधारण एकदशांश होय. म्हणून यकृतातील चयापचय मंदावणाऱ्या औषधांमुळे या पट्टीपासून विषबाधा होण्याचा संभव, यकृत निरोगी असता, अल्प असतो. तथापि मेक्सिलेटिनसारखे त्याच जातीचे हृदयावरील औषध रोगी घेत असेल, अथवा दंतवैद्य वा शल्यचिकित्सक त्याच दिवशी दुसरे स्थानिक बधिरक टोचणार असेल, तर दोहोंच्या परिणामांची बेरीज होते. बेरीज करताना पट्टी वगळली जाऊ नये, एवढाच येथील मुद्दा. डॅप्सोन, प्रायमाक्विन, सल्फा औषधे व नायट्रेट यांच्यासमवेत मेथिमोग्लोबिन वाढण्याची शक्यताही ध्यानात ठेविली पाहिजे. जी-६-पीडी या एंझाइमाची जन्मजात उणीव असणाऱ्यांत ती विशेष असते.

डायक्लोफेनॅक एपोलामीनच्या १·३ टक्के पट्टीमुळे रक्तात पोहोचणारे औषध, ५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली असता जेवढे पोहोचते, त्याच्या १ टक्क्याहूनही कमी असते. माहितीपत्रकात मात्र वॉर्फरिन, लिथियम, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, मूत्रल औषधे व रक्तदाबावरील एसीई-निरोधक ही सर्व नावे आढळतात. ही यादी गोळ्यांच्या अनुभवावरून आलेली आहे. एका घोट्यावर एक पट्टी लावणाऱ्या निरोगी तरुणाच्या बाबतीत तिचे वजन फारच थोडे. परंतु वृद्ध रोगी दोन्ही गुडघ्यांवर व पाठीवर पट्ट्या लावतो, वर त्याच जातीच्या गोळ्याही घेतो, आणि त्याला एसीई-निरोधक व मूत्रल औषध चालू असते. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकविणारी प्रोस्टाग्लँडिने दबली जातात आणि मूत्रपिंडाचे कार्य ढासळू शकते. येथे खरा अपराधी बहुधा गोळी असते. पट्टी आहे म्हणून गोळी बंद केली की पट्टीचा लाभ मिळतो. पट्टीत गोळीची भर घातली की तो नाहीसा होतो.

मेथिल सॅलिसिलेटचा विचार निराळा करावा लागतो. ते अनेक बामांत व पट्ट्यांत असते, चिठ्ठीवाचून मिळते, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. शुद्ध तेलाच्या ५ मिलिलिटरांत सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनाइतके सॅलिसिलेट असते, यावरून त्याच्या सामर्थ्याची कल्पना यावी. त्वचेतून शोषल्यावर त्याचे सॅलिसिलिक अम्लात रूपांतर होते. हे अम्ल वॉर्फरिनला अल्ब्युमिनवरून हटविते आणि मोठ्या मात्रेत रक्त गोठविणाऱ्या घटकांच्या निर्मितीतही अडथळा आणते. वॉर्फरिन घेणाऱ्या रोग्यांनी असे मलम सढळ हाताने वापरल्यावर त्यांचा आयएनआर वाढल्याची रोगवृत्ते प्रसिद्ध झालेली आहेत. संधिवाती तापाने हृदयाची झडप बिघडून कृत्रिम झडप बसविलेले रोगी आपल्या रुग्णालयांत थोडे नाहीत. वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल त्यांना जन्मभर घ्यावे लागते. आयएनआर अकस्मात वाढलेला दिसल्यास त्यांच्या आहाराची चौकशी होते. तद्वतच बाम व पट्टी यांचीही झाली पाहिजे.

कॅप्सायसिनची ८ टक्के पट्टी तासभर, पायांवर अर्धा तास, लावून काढतात. रक्तात ते अत्यल्प व अल्पकाळ आढळते. त्यामुळे अन्योन्यक्रियांचा प्रश्न जवळजवळ उद्‌भवत नाही. लावतेवेळी वेदनेमुळे रक्तदाब तात्पुरता चढतो, एवढे रक्तदाबाच्या रोग्याबाबत स्मरणात ठेवावे.

फेन्टानिलची पट्टी

तिन्ही कसोट्यांवर सर्वाधिक गंभीर ठरते ती फेन्टानिलची पट्टी. तिची मात्रा ताशी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक पट्टी ७२ तास चालते. त्वचेत औषधाचा साठा होत असल्यामुळे पट्टी काढल्यावरही रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे २० ते २७ तास लागतात. गोळीची पुढील मात्रा टाळता येते; त्वचेत मुरलेले औषध परत घेता येत नाही.

फेन्टानिलचे विघटन यकृतातील सायटोक्रोम ३ए४ हे एंझाइम करते. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, कीटोकोनॅझोल, रिटोनाविर, डिल्टियाझेम व व्हेरापामिल ही औषधे या एंझाइमाला रोखतात. निरोगी स्वयंसेवकांत शिरेतून दिलेल्या फेन्टानिलच्या निष्कासनात रिटोनाविरमुळे ६७ टक्के घट आढळली. मात्रा तीच असताना केवळ बुरशीवरील वा छातीच्या संसर्गावरील नव्या औषधामुळे रोग्याचा श्वास मंदावू शकतो, तो या कारणाने.

याच्या उलट क्रिया रिफँपिसिनची, आणि आपल्या देशात तिचे महत्त्व विशेष आहे. कर्करोगाच्या रोग्याला क्षय झाल्यास नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात रिफँपिसिन आरंभापासून अखेरपर्यंत असते. ते एंझाइमाचे प्रमाण वाढविते, फेन्टानिल लवकर नष्ट होते, आणि वेदना पुन्हा डोके वर काढते. साहजिकच पट्टीची मात्रा वाढविली जाते. येथवर धोका दिसत नाही. तो येतो क्षयाचा उपचार संपल्यावर. रिफँपिसिन बंद होताच एंझाइमाचे प्रमाण साधारण दोन आठवड्यांत पूर्वपदावर येते. वाढविलेली पट्टी मात्र तशीच राहते. नवे औषध दिलेले नसते, उलट एक कमी केलेले असते. म्हणून अन्योन्यक्रियेची शंकाही येत नाही. औषध सुरू करताना जेवढी दक्षता घ्यावयाची, तेवढीच ते थांबवितानाही घ्यावयास हवी, हा धडा यातून मिळतो.

एंझाइमांशी संबंध नसलेला दुसरा धोका परिणामांच्या बेरजेचा. डायझेपामच्या वर्गातील झोपेची औषधे, मद्य, गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन यांच्या जोडीने श्वसनकेंद्राचे दमन वाढते. तंत्रिकाजन्य वेदनेवर प्रीगॅबालिन व अफूवर्गीय पट्टी एकाच चिठ्ठीत येणे मुळीच दुर्मीळ नसल्याने ही जोडी विशेष लक्षात ठेवावी. प्रतिरोधी क्षयावरील लिनेझोलिडमुळे सेरोटोनिन-लक्षणसमूहाचाही संभव असतो.

त्वचेवरील परिस्थिती

शरीराचे तापमान वाढले की त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो आणि शोषणाला वेग येतो. ताप ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढल्यास रक्तातील फेन्टानिल सुमारे एकतृतीयांशाने वाढू शकेल, असा गणिती अंदाज आहे. गरम पाण्याची पिशवी, विजेची उशी, शेक, कडक ऊन यांचाही परिणाम याच दिशेने होतो. पट्टीखाली बाम चोळणे, खरचटलेल्या त्वचेवर पट्टी लावणे, किंवा तिच्यावर घट्ट बंधन बांधणे यामुळे शृंगस्तराचा अडथळा दुबळा होतो. स्थानिक पट्ट्यांचे वर दिलेले दिलासादायक आकडे अखंड त्वचेचे व विहित वापराचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

सारांश, रोग्याच्या औषधांच्या यादीत पट्टी व बाम यांना स्वतंत्र जागा असावी, आणि तेथे घटकद्रव्य, संख्या, जागा व लावण्याची वेळ यांची नोंद व्हावी. स्थानिक पट्टी असल्यास त्याच जातीचे दुसरे औषध पोटातून वा टोचून जात आहे काय, आणि रोगी रक्त गोठू न देणारे औषध घेतो काय, हे पाहावे. अफूवर्गीय पट्टी असल्यास ३ए४ एंझाइमावर परिणाम करणारे अथवा गुंगी आणणारे कोणते औषध नुकतेच सुरू झाले किंवा बंद झाले, हे प्रत्येक भेटीत विचारावे. एवढ्या चौकशीस दोन-चार मिनिटे पुरतात, आणि क्षयाचा उपचार नुकताच पूर्ण झालेल्या एखाद्या कर्करोग्याचा जीव तिच्यावर अवलंबून असू शकतो.