रुमालाखालचा भाव

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सर्रास म्हणतो. खरे आहे, पण ते सगळे सांगतही नाही!

आता हेच पाहा ना. अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार फार नावाजलेला. दर शनिवारी भरतो. तिथे एका स्नेह्याने टिपलेले कृष्णधवल छायाचित्र माझ्यापाशी आहे. दोन माणसे समोरासमोर, दोघांचे हात एका रुमालाखाली, बाजूला बैल. घरी येणारी मंडळी म्हणतात, "वा! काय ऊनसावली साधली आहे!"

पण त्या रुमालाखाली चालला आहे सौदा. भाव तोंडाने पुकारायचा नाही, बोटे दाबून आकडा कळवायचा, ही आपल्याकडच्या गुरांच्या बाजारातली जुनी रीत. भोवती उभ्या असलेल्या दहाजणांना भाव कळत नाही. कॅमेऱ्यालाही नाही!

तो वाचायचा तर चौकटीबाहेर जावे लागते. छायाचित्रामागे पेन्सिलीने 'मे १९७३' एवढेच लिहिले आहे. पण तेवढ्याने चित्र पालटते. १९७२ चा पाऊस दगा देऊन गेला होता. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. मृग तोंडावर आला असताना शेतकरी बैल विकतो, तो काही हौसेने नव्हे. दावणीला वैरण उरली नाही म्हणून. सगळेच विकायला आले की भाव कोसळतो. पुढे पाऊस झाला की सगळेच घ्यायला धावतात, आणि तोच बैल आवाक्याबाहेर जातो. म्हणजे रुमालाखाली नुसता बैल विकला जात नाही. पुढच्या साली पेरायचे कशाने, हा प्रश्नही त्या बोटांत दाबलेला असतो. मग ऊनसावलीकडे नजर जात नाही, बैलाच्या फासळ्यांकडे जाते.

अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी मजुरीसाठी वणवण करणाऱ्या एका आईचे छायाचित्र घेतले. ते जगभर गाजले. त्या बाईचे नाव मात्र जगाला कळले १९७८ साली, तब्बल ४२ वर्षांनी! आमच्या काष्टीच्या शेतकऱ्याचे नाव तर छायाचित्रामागे कोणी लिहिलेच नाही.

तुमच्याही घरी दिवाळीच्या साफसफाईत जुनी छायाचित्रे हाती लागली असतील. वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारा: साल कुठले, माणसे कोण, त्या वर्षी ज्वारी काय भावाने मिळाली? आणि मागे लिहून ठेवा. छायाचित्र टिकेल हो. सांगणारे किती दिवस पुरणार?