भरतीच्या आत परत या!

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. लाकडासारख्या दिसणाऱ्या कागदाचा खोका, आत तीन छोट्या पुस्तिका. पुढे नियमांचे जाडजूड ग्रंथ झाले. गेल्या वीसेक वर्षांत मात्र जगभरातले कितीतरी भिडू पुन्हा जुन्या, सुटसुटीत नियमांकडे वळलेत. १९८१चं सोपं नियमपुस्तक ६४ पानांचं होतं, ते आजही पुरतं. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी वीर, चोर, जादूगार. आणि डाव रायगडच्या किनाऱ्यावर मांडलात, तर नकाशे आयते!

समुद्राचं घड्याळ
जुन्या खेळात वेळ काटेकोर मोजतात. एक पाळी दहा मिनिटांची. मशाल सहा पाळ्या जळते. दर दोन पाळ्यांनी फासा टाकायचा. एक पडला की भटकं संकट समोर उभं. अलिबागचा कुलाबा किल्ला यासाठीच बांधला असावा असं वाटतं: ओहोटीला चालत जा, भरतीला होडी लागते. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, म्हणजे ३६ पाळ्या. पण वाट त्याच्या बरीच आधी पाण्याखाली जाते, म्हणून कागदावर १८च चौकोन आखा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक खोडत जा. बाराव्या चौकोनानंतर भिडूंचे आवाज बदलतात. पहिल्या डावाला कुलाबाच घ्या, जंजिरा नको, हे माझं ठाम मत आहे.

राक्षस दारावरच
जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. दिसल्यावर नीट बघा: वाघासारखा एक प्राणी कोरलाय आणि त्यानं सहा हत्ती धरलेत. चार पंजांत चार, एक तोंडात, एक शेपटीत. खेळातल्या काही गाजलेल्या राक्षसांचा जन्म हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांतून झाला. घुबडाच्या तोंडाचं अस्वल त्यातलंच. आपल्याकडे दगडात कोरलेला तयार आहे.

फासे नाहीत? चिंचोके आहेत
१९७९च्या सुमाराला अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खेळाच्या खोक्यात आकडे छापलेले कागदाचे तुकडे घालून दिले. आपण चिंचोके फोडू. अनोळखी प्राणी भेटला की तो लढेल की बोलेल, हे जुन्या नियमांत दोन फाशांवर ठरतं आणि मधले आकडे जास्त पडतात. चार फोडलेल्या चिंचोक्यांचंही तसंच. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चारही पांढरे पडण्याची शक्यता १६त १, दोन पांढरे-दोन काळे १६त ६. चारही पांढरे तर दोस्ती, चारही काळे तर हल्ला, मधलं काही पडलं तर बोलणी करा.

आधी डोकं, मग फासा
सूत्रधार सांगतो, “तिसरी पायरी किंचित कललेली दिसतेय.”
“दहा फुटी काठीनं दाबून बघतो.”
“पायरी खाली जाते. आत कुठेतरी साखळी खडखडते.”
फासा टाकलाच नाही! मॅट फिंच यांनी २००८ साली एका छोट्या पुस्तिकेत हेच मांडलं: नियम शोधत बसू नका, सूत्रधारानं जागेवर निवाडा द्यावा.

पळणं ही शहाणपणाची चाल
या नियमांत शत्रू मारून अनुभवाचे गुण थोडेच मिळतात. खरे गुण खजिन्याचे, एका सुवर्णनाण्याला एक, तेही तो सुखरूप बाहेर आणला तरच. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे एकच मंत्र असतो आणि एका तडाख्यात तो मरू शकतो. मग माणसं लढाई टाळायला शिकतात, बेत आखतात. असे बेत या किनाऱ्यानं खरेच पाहिलेत. १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत सेतू बांधायला घेतला. मोगलांच्या स्वारीमुळे तो अर्ध्यावर सोडावा लागला. त्याआधीची लाय पाटलाची गोष्ट तर प्रत्येक सूत्रधारानं भिडूंना सांगावी. या सोनकोळी म्होरक्यानं रातोरात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. पेशवे मोरोपंतांची फौज यायची होती, ती वेळेत पोचली नाही. उजाडू लागलं, तशा पाटलानं शिड्या काढल्या आणि माणसं परत आणली. किल्ला मिळाला नाही, तरी शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असं तो म्हणाला. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’, असं सांगतात. तुमच्या डावात कुणी अशी माघार घेतली, तर खजिना नसला तरी गुण द्या.

खांदेरीचा दगड
खांदेरी बेटावर वेतोबाचं, म्हणजे वेताळाचं, देऊळ आहे आणि ठोकला की धातूसारखा वाजणारा दगडही. भुयाराचं दार उघडायला किती ठोके मारायचे, हे कोडं वेताळाच्या तोंडीच घाला.

जादा भाषा
१९८१च्या नियमांत बुद्धी १३ किंवा जास्त असलेल्या वीराला एक तरी जादा भाषा मिळते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून झालेली एक बोली आजही काही शे माणसं घरात बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात. ही भाषा त्या वीराला द्या आणि कोर्लईच्या किल्ल्यावर पहाऱ्याला पोर्तुगीज शिपाई बसवा. तलवार म्यानातच राहील, दरवाजा बोलण्यानं उघडेल.