मोबाईलमधला पक्ष्याचा फोटो नोंदीत कसा घालायचा? फलटणकरांसाठी सोपी माहिती

फलटण : पहाटे दारं धरायला गेलं की बांधावर कोण ना कोण दिसतंच. पाण्यामागं पळणारे गायबगळे, मोटरीच्या तारेवर बसलेला कोतवाल, नशिबात असेल तर निळ्या पंखांचा चास. खिशात मोबाईल असतो, एक-दोन फोटो निघतात. ते स्टेटसला लागतात, गावच्या ग्रुपवर जातात, पाच-सहा अंगठे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो.

हाच फोटो तारीख, वेळ आणि जागेसह पक्षीप्रेमींच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये गेला तर मात्र तो संपत नाही. पक्ष्याचं नाव कळतं, चूक असेल तर जाणकार सुधारतात आणि आपल्या गावच्या शिवारात हा पक्षी होता याची नोंद कायमची राहते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, पैसे लागत नाहीत. काय करायचं आणि काय टाळायचं, ते बघू.

आपल्या तालुक्याला हे का लागू आहे?

फलटण तालुक्याचे दोन चेहरे आहेत. उत्तरेला नीरा नदी आणि नीरा उजवा कालवा. तिकडं ऊस, पाणी, बगळे, खंड्या, शराटी. दक्षिणेला गिरवी, ताथवड्याकडं डोंगर आणि माळ. तिथं माळटिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी, तित्तिर असे कोरड्या रानाचे पक्षी. हिवाळ्यात माळावरून अगदी खाली घिरट्या घालत जाणारा भोवत्या मध्य आशियातून आलेला असतो. शाळूच्या कणसांवर थव्यानं उतरणाऱ्या भोरड्याही तशाच लांबच्या पाहुण्या.

पण कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’. तिथं काही नाही, असं गृहीत धरूनच बहुतेक वेळा निर्णय होतात. एखाद्या माळावर कुठले पक्षी राहतात, याची कुणी नोंदच केली नसेल तर उद्या त्या माळाबद्दल बोलायला गावाकडं काय पुरावा असणार? तलावाकाठी फोटो काढणारे पुष्कळ असतात. माळावर मेंढपाळ आणि शेतकरीच असतात. म्हणून त्यांच्या मोबाईलमधल्या फोटोची किंमत जास्त.

अशा नोंदींचा उपयोग खरंच होतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२३ साली आला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या २०४ जाती घटल्याचं दिसलं. गवताळ माळावरचे पक्षी आणि शिकारी पक्षी यांची घट मोठी आहे. तारेवर बसणारा आपला चाससुद्धा काळजीच्या यादीत आलाय. मोर आणि कोकीळ मात्र वाढलेत. हे सगळं लोकांनी रोजच्या पक्ष्यांची रोजच्या रोज नोंद केली म्हणून कळलं.

कुठं सामील व्हायचं?

ठिकाणं बरीच आहेत. सुरुवातीला चार पुरेत.

१. मर्लिन : अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं फुकट ॲप. फोटो दाखवला किंवा आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सुचवतं. भारताचा पॅक वायफायवर एकदा उतरवून घेतला की रानात नेट नसलं तरी चालतं. पण ते फक्त नाव सुचवतं, त्याचं उत्तर हा पुरावा नव्हे.

२. ई-बर्ड : त्याच संस्थेचं नोंदवहीचं ॲप, २००२ पासून सुरू. भारतात त्याचं काम ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट बघतो. सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत बघायची सोय आहे. नेट नसताना यादी करून ठेवा आणि घरी आल्यावर पाठवा.

३. आय-नॅचरलिस्ट : पक्षी, फुलपाखरू, साप, झाड, काहीही चालतं. फोटो टाकला की जगभरातले लोक नाव सुचवतात. बाकी माहिती पूर्ण असेल आणि नावावर पुरेशा लोकांचं एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते.

४. फेसबुकवरचे ग्रुप : ‘इंडियन बर्ड्स’ हा मोठा ग्रुप आहे. फक्त ओळख विचारायची असेल तर ‘आस्क आयडीज ऑफ इंडियन बर्ड्स’ आहे. मराठीतून भेटीगाठी आणि चर्चा हवी असेल तर ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ ही संघटना आहे, तिची संमेलनंही होतात.

पहिली नोंद कशी करायची?

ई-बर्डचं खातं ईमेलवर निघतं. ॲपमध्ये नवी यादी सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटं एका ठिकाणी थांबा किंवा बांधानं चालत राहा. वेळ आणि अंतर ॲप स्वतः मोजतं. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढं संख्या लिहा. गायबगळे बारा तर बारा. थवा मोठा असेल तर अंदाजानं, पण प्रामाणिकपणे.

शेवटी एक प्रश्न येतो : तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? लिहिले असतील तर ‘हो’ म्हणा. कावळा, साळुंकी, चिमणी सोडून फक्त खास पक्षी लिहिले असतील तर ‘नाही’ म्हणा. यातच खरी मेख आहे. साधे पक्षी कुणी लिहिलेच नाहीत तर ते कमी झालेलेही कुणाला कळत नाहीत.

यादी पाठवल्यावर ई-बर्डच्या वेबसाईटवर जाऊन त्या पक्ष्यासमोर फोटो जोडता येतो. फोटोचा हक्क तुमच्याकडंच राहतो, तो वापरायची परवानगी मात्र तुम्ही देत असता.

वेगळी नोंद गेली तर एखादा स्वयंसेवक तपासनीस ईमेल करून विचारतो : फोटो आहे का, कशावरून ओळखलंत? याचा राग मानू नये. सातबाऱ्याची नोंद तपासतात तशीच ही तपासणी आहे. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ म्हणायचं, त्यात कमीपणा नाही.

ओळख विचारताना

समजा, आंब्याच्या झाडावर करड्या रंगाचा, छातीवर आडव्या पट्ट्यांचा पक्षी दिसला. बघणारा म्हणतो ससाणा. तो शिक्रा असू शकतो आणि पावशाही असू शकतो. पावशा म्हणजे पेरणीच्या दिवसांत ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडणारा तोच. दोघं इतके सारखे दिसतात की जाणकारही क्षणभर थबकतात. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली आणि पाय लांब, नख्या धारदार. पावशाची चोच बरीच सरळ आणि पाय आखूड. म्हणून फोटोत चोच आणि पाय आले तर निकाल लवकर लागतो.

एवढं पाळा :

– एकाच पक्ष्याचे दोन-तीन फोटो द्या : बाजूनं, समोरून, जमलं तर उडताना.
– तारीख, वेळ, गाव, तालुका आणि जागा (ऊस, माळ, ओढा, पाझर तलाव) लिहा.
– आवाज ऐकला असेल तर तोही रेकॉर्ड करा. अस्पष्ट फोटोपेक्षा चांगला आवाज कधी कधी जास्त सांगतो.
– ऊन पाठीवर घेऊन फोटो काढा. झूम फार ओढू नका, चित्र फुटतं. दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाईल लावून बघा.
– व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
– दुसऱ्याचा फोटो आपल्या नावानं किंवा आपल्या गावचा म्हणून टाकू नका. एक खोटी नोंद पकडली गेली की पुढच्या दहा खऱ्या नोंदींवरही शंका येते.

जागा सांगताना जपून

आता महत्त्वाचं. नोंद करणं चांगलं, पण जागा सगळ्यांना सांगणं नेहमीच चांगलं नसतं.

घरटं, अंडी, पिल्लं यांचे फोटो बहुतेक चांगल्या ग्रुपमध्ये चालत नाहीत. फोटोसाठी फांदी बाजूला केली की घरट्यावरची सावली जाते, आडोसा जातो. माणूस वारंवार आला की पालक पक्षी घरटं सोडू शकतात आणि कावळ्याला आयती वाट सापडते. माळटिटवी आणि धाविक तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, चुकून पाय पडला तरी संपलं.

घुबडाबाबत जास्त सावध राहा. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडांची मागणी वाढते आणि ती पकडली जातात. विहिरीच्या कपारीत शृंगी घुबड राहतं, हे कौतुकानं लोकेशनसकट टाकलं तर पक्षीप्रेमींबरोबर पकडणाऱ्यालाही पत्ता मिळतो. अनोळखी माणूस मेसेज करून ‘नेमकी जागा सांगा, फोटो काढायचाय’ म्हणाला तर सांगू नका. तित्तिर आणि लावे यांच्या ठरलेल्या जागांचंही तसंच.

काही नाजूक जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच लपवतं. आय-नॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवायचा पर्याय आपल्या हातात आहे. बाकी ठिकाणी फक्त तालुक्याचं नाव द्या किंवा पिल्लं उडून गेल्यावर नोंद टाका. नोंद उशिरा गेली तरी खरी तारीख घालता येते, काही बिघडत नाही.

अजून एक. आपल्याकडचे जवळपास सगळे रानपक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तित्तिर धरणं किंवा रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. असे फोटो कौतुकानं टाकू नका. जखमी पक्षी सापडला तर आधी वन विभागाला कळवा.

यातून मिळतं काय?

पैसे मिळतील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर सांगितलेल्या ठिकाणी सामील व्हायला एक रुपया लागत नाही. ‘फोटो निवडला गेलाय, फी भरा’ असा मेसेज आला तर तो सरळ पुसून टाका.

पण पक्ष्यांची नोंद आणि ओळख असलेल्या गावाला पुढं फायदा होऊ शकतो. बारामतीच्या पलीकडं भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. ते बघायला येणाऱ्यांना तिथले मासेमार नावेतून फिरवतात आणि कुठला पक्षी कुठं बसतो ते दाखवतात. त्यांच्याकडं पदवी नव्हती, पाण्याची आणि पक्ष्यांची माहिती होती. आपल्या जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं मायणीही पक्ष्यांमुळंच ओळखलं जातं. प्रत्येक गाव भिगवण होणार नाही. पण आपल्या शिवारात काय आहे हेच माहीत नसेल, तर पुढचं बोलायलाही जागा राहत नाही.

सुरुवात कधी करायची?

वर्षात दोन चांगले मुहूर्त आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. दुसरा मुहूर्त फेब्रुवारीतला. तेव्हा चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षीगणना होते, भारत त्यात २०१३ पासून आहे. घराच्या ओट्यावर किंवा शाळेच्या मैदानात पंधरा मिनिटं बसून यादी केली तरी ती मोजली जाते. शाळेतल्या पोरांना यात घ्या, नावं ती लवकर शिकतात.

पण मुहूर्ताची वाट बघायलाच हवी असं नाही. पाझर तलावावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी पोहताना दिसला तर त्याचं मराठी नाव लक्षात ठेवा : वारकरी. ज्या तालुक्यातून दरवर्षी माउलींची पालखी जाते, तिथं पहिली नोंद करायला याच्याइतका सोपा पक्षी नाही. उद्या सकाळी पंधरा मिनिटं काढा, जेवढे ओळखता येतील तेवढे लिहा आणि पाठवा. चुकलं तर सांगणारे लोक तिथं आहेत.