हडसनचे राखणदार

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर क्रोटनव्हिल नावाची छोटी वस्ती आहे. मार्च 1966 मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या सभागृहात एक सभा भरली. जमलेले लोक सुतार, मजूर, कारखान्यातले कामगार आणि बापजाद्यांपासून नदीवर जाळी टाकणारे मासेमार होते. बरेचजण कोरियाच्या युद्धातून किंवा त्याआधीच्या महायुद्धातून परतलेले. जवळच्या क्रोटन-हार्मन रेल्वे यार्डातून एका नळावाटे राजरोस तेल नदीत पडत होतं. वसंतात समुद्रातून वर चढणारा शॅड हा त्यांच्या कमाईचा मुख्य मासा, पण त्याला डिझेलचा वास येऊ लागला आणि शहरातल्या फुल्टन बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना. थोडं खाली टॅरीटाउनला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे ज्या दिवशी गाड्यांना जो रंग द्यायचे, त्या दिवशी नदी त्या रंगाची दिसायची.

तक्रारी करून लोक थकले होते. सभेत माथी भडकली होती. कुणी म्हणालं, नळातून येणाऱ्या तेलालाच काडी लावू. कुणी म्हणालं, नळाच्या तोंडात गादी कोंबू. वीज कंपनीच्या धक्क्याखाली सुरुंगाने भरलेला तराफा सोडायची सूचनाही आल्याचं या चळवळीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ही माणसं गुंड नव्हती. पोटावर पाय आलेल्या आणि कुणीच दाद न दिलेल्या माणसाला जे सुचतं, तेच त्यांना सुचत होतं.

तेवढ्यात रॉबर्ट बॉयल बोलायला उठले. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा साप्ताहिकाचे ते लेखक, स्वतः गळाने मासे धरण्याचे नादी. हडसनवर लिहिताना त्यांच्या हाती दोन जुने कायदे लागले होते, एक 1888 चा आणि दुसरा 1899 चा. जहाजं चालतात अशा पाण्यात परवानगीशिवाय कोणताही कचरा टाकणं हा 1899 च्या कायद्याने गुन्हा होता. दंड 500 ते 2500 डॉलर, आणि खबर देणाऱ्याला त्यातला अर्धा वाटा. कायदा कधी रद्द झालेला नव्हता, फक्त सगळे तो विसरले होते. त्या संध्याकाळी सुरुंगाचा विषय मागे पडला आणि ‘हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशन’ स्थापन झाली. पहिले अध्यक्ष रिची गॅरेट. त्यांचा व्यवसाय कबरी खणण्याचा.

मला या हकिकतीत सगळ्यात मोलाची वाटते ती यानंतरची गोष्ट. संताप सगळ्यांकडेच असतो. या लोकांनी संतापाचं रूपांतर नोंदींमध्ये केलं. नदीकाठच्या माणसाला ठाऊक असतं की अमुक नळ रात्री उघडतो, तमुक ओढ्याला शनिवारी फेस येतो. पण कोर्टाला ‘नेहमी घाण सोडतात’ हे वाक्य चालत नाही. तिथे तारीख लागते, वेळ लागते, जागा लागते आणि पाणी भरलेली बाटली लागते. संघटनेने रिकाम्या जागा भरायची पोस्टकार्डं छापून वाटली. काय दिसलं, कुठे, किती वाजता, एवढं लिहून पेटीत टाकायचं. ही कल्पना आर्ट ग्लोवका या वैमानिकाची. लिहायला पेन्सिल पुरे, शिक्षण फारसं लागत नाही, आणि गाव लहान असलं तरी कुणाची नजर कुठे असते हे कारखानदाराला कळतही नाही.

रेल्वे यार्डाच्या नळाचं प्रकरण तडीस गेलं. पेन सेंट्रल रेल्वेला दंड झाला आणि संघटनेच्या हाती 2000 डॉलर आले. विसाव्या शतकात त्या जुन्या कायद्याखाली खबऱ्याला मिळालेलं हे पहिलं बक्षीस असं सांगितलं जातं. पैसे वाटून न घेता त्यांनी पुढच्या खटल्याला लावले. हेस्टिंग्जच्या अ‍ॅनाकोंडा वायर कारखान्याविरुद्ध तर आतलाच कामगार, फ्रेड डॅनबॅक, उभा राहिला. नदीवर मासे धरणारे त्याचे मित्र होते आणि त्यांच्या जाळ्यांना लागणारं तेल कुठून येतं हे त्याला आतून दिसत होतं. कंपनीला 2 लाख डॉलर दंड झाला. ज्याची भाकरी खातो त्याच्याविरुद्ध साक्ष देणं काय असतं, हे कारखान्याच्या गावात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल.

1972 मध्ये अमेरिकेत शुद्ध पाण्याचा कायदा आला आणि साध्या नागरिकाला प्रदूषण करणाऱ्यावर थेट दावा लावायचा हक्क मिळाला. पण हक्क कागदावर असतो, नळ नदीवर. रोज नदीवर फिरणारा माणूस हवा होता. इंग्लंडातल्या मालकीच्या नद्यांवर पूर्वीपासून राखणदार असत. ती कल्पना बॉयल यांनी उचलली, आणि 1983 मध्ये जॉन क्रोनिन हे मासेमार पगारी ‘रिव्हरकीपर’ झाले. पगार सरकारचा नाही, लोकांचा.

पहिल्याच वर्षी त्यांनी मोठं सावज धरलं. एक्सॉन कंपनीची तेलवाहू जहाजं हाइड पार्कजवळ नांगर टाकून उभी राहत. समुद्राचं खारं पाणी भरलेल्या टाक्या तिथे नदीत रिकाम्या होत, तेलाच्या अवशेषांसकट. त्याच टाक्यांत मग हडसनचं गोडं पाणी भरून जहाजं कॅरिबियनमधल्या अरुबा बेटाकडे जात. तिथल्या कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला ते पाणी लागायचं, आणि काही पाणी बेटाला विकलंही जायचं. म्हणजे नदीत घाण टाकायची आणि त्याच फेरीत नदी विकायची! क्रोनिन छोट्या होडीतून जहाजांना भिडले आणि बाहेर पडणाऱ्या धारेखाली बाटल्या धरून त्यांनी नमुने घेतले. कंपनीने तडजोड केली. न्यूयॉर्क राज्याला नदीसाठी 15 लाख डॉलर मिळाले, शिवाय संघटनांना वेगळी रक्कम. पुढे मासेमारांची संघटना आणि हा राखणदार एकत्र येऊन ‘रिव्हरकीपर’ हीच संस्था झाली.

संस्थेची गस्तीची बोट लाकडी, 36 फुटांची. 2000 पासून दोन दशकांहून जास्त काळ ती कॅप्टन जॉन लिप्सकोम यांच्या हाती होती. हडसनला भरती-ओहोटी समुद्रापासून सुमारे 245 किलोमीटर आत, ट्रॉय शहरापर्यंत लागते, त्यामुळे एका ठिकाणी सोडलेलं सांडपाणी वरही जातं आणि खालीही येतं. 2006 पासून कोलंबिया विद्यापीठाच्या लामाँट-डोहर्टी वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांबरोबर ही बोट मे ते ऑक्टोबर दर महिन्याला ठरलेल्या जागी पाणी भरत आली. शोध असतो एंटेरोकोकस या आतड्यातल्या जिवाणूचा. तो सापडला की पाण्यात मैला मिसळलेला आहे असं धरायचं.

तपासणीची रीत पाहण्यासारखी आहे. निर्जंतुक बाटलीतल्या पाण्यात पुडीतलं औषध विरघळवतात आणि ते पाणी 97 खाचांच्या प्लॅस्टिकच्या तबकात ओतून वरून सीलबंद करतात. तबक 41 अंश सेल्सियसच्या उबवणपेटीत 24 तास ठेवायचं. मग अंधारात अतिनील दिव्याखाली धरलं, की ज्या खाचांत जिवाणू वाढले त्या निळ्या उजळतात. त्या मोजायच्या आणि तक्त्यावरून आकडा काढायचा. 100 मिलिलिटरमागे तो 60 च्या वर गेला तर त्या पाण्यात पोहू नये, असा निकष. उपनद्या-ओढ्यांवर हेच काम गावोगावचे स्वयंसेवक करतात. शिक्षक, निवृत्त लोक, कॉलेजची मुलं पहाटे बाटल्या भरून बर्फाच्या पेटीतून पोचवतात. त्यातून एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसली. पाऊस पडला की आकडे चढतात, आणि मुख्य धारेपेक्षा ओढ्यांची तोंडं जास्त घाण असतात. कारण जुन्या शहरांत पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून वाहतं, आणि गटार भरलं की ते नदीत ओसंडतं. असा मैला सुटला तर लोकांना कळवलं पाहिजे, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने 2012 मध्ये केला. तो होण्यामागे या बाटल्या आहेत.

संस्थेत सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. पक्ष्यांच्या अंड्यांच्या तस्करीत शिक्षा झालेल्या एका शास्त्रज्ञाला संस्थेचे वकील रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी कामावर घेतलं. त्यावरून 2000 मध्ये खुद्द बॉयल आणि संचालक मंडळातले आणखी सातजण बाहेर पडले. हडसनकाठच्या इंडियन पॉइंट अणुवीज केंद्राविरुद्धही संस्था वर्षानुवर्षं लढली. तिथल्या थंड करण्याच्या पाण्याबरोबर अगणित मासळी आणि अंडी ओढली जात, हे खरंच होतं. पण 2021 मध्ये केंद्र बंद झाल्यावर त्या विजेची जागा बरीचशी नैसर्गिक वायूने घेतली. नदीचा फायदा झाला, हवेचा तोटा. त्या लढ्याचा हिशेब मला पूर्ण जमेचा मांडता येत नाही.

आणि सगळ्यात जुनी जखम अजून भरलेली नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्डच्या कारखान्यांनी 1947 ते 1977 या काळात पीसीबी नावाची विषारी रसायनं नदीत सोडली, सरकारी अंदाजाने 13 लाख पौंडांपर्यंत. ती तळाच्या गाळात बसली, तिथून माशांच्या चरबीत आली. 1976 मध्ये पट्टेरी बास माशाची व्यावसायिक मासेमारी बंद झाली ती झालीच. 2009 ते 2015 गाळ उपसला गेला, तरी माशातलं विष अपेक्षेइतकं उतरलं नाही म्हणून संस्था आजही पर्यावरण खात्याशी भांडते आहे. आपल्या खाड्यांत चढणाऱ्या पाला माशाचा दूरचा भाऊबंद असलेला शॅडही इतका घटला की 2010 मध्ये हडसनवर त्याची मासेमारी बंद करावी लागली. ज्यांच्या पोटापाण्यासाठी संघटना निघाली, त्यांचा धंदाच उरला नाही. नदी पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, लोक तिच्यात पोहतात, न्यू जर्सीतली किती तरी मराठी माणसं रोज पाथ ट्रेनने तिच्या पोटाखालून कामाला जातात आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या काठी फिरतात. पण जाळं विणणारे हात गेले. स्वच्छतेच्या यशात हे नुकसान झाकून टाकणं मला पटत नाही.

अमेरिकी कायद्यात दावा लावण्याआधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्या 1974 च्या जल प्रदूषण कायद्यातही 1988 च्या दुरुस्तीने हीच सोय आली. 60 दिवसांची नोटीस दिली की कोणीही व्यक्ती कोर्टात तक्रार करू शकते, आणि प्रदूषण मंडळाकडचे अहवालही मागू शकते. पंचगंगा किंवा मुळा-मुठेच्या काठच्या किती मंडळांना हे कलम माहीत आहे? हडसनवाल्यांनी जवळपास सत्तर वर्षांपूर्वीचा विसरलेला कायदा शोधून काढला होता. आपला तर इतका जुनाही नाही.

रिव्हरकीपरचं सध्याचं एक मोठं काम म्हणजे उपनद्यांवरचे बिनकामाचे बंधारे पाडणं. मे 2016 मध्ये ट्रॉयजवळच्या वायनन्ट्स किल ओढ्यावरचा एक जुना लोखंडी अडथळा काढला गेला. काहीच दिवसांत समुद्रातून आलेले हेरिंग मासे त्या जागेच्या वर चढलेले दिसले. हडसनच्या ओढ्यांवर असे बंधारे शेकडोंनी आहेत. कोणते आधी काढायचे, मालक कोण, मागे साठलेल्या गाळात काय दडलंय, याच्या नोंदींचं काम चालू आहे.