समर्पण, उचल आणि माणसांचा व्यापार : तमिळ व मराठी साहित्याची साक्ष

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम मार्गावर वसलेले शोळिंगनल्लूर हे काही दशकांपूर्वीपर्यंत एक खेडे होते. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि आज तेथे संगणक-उद्योगांच्या उंच इमारती दिसतात. अशा इमारती बांधणारे मजूर बहुधा दूरच्या प्रांतांतून येतात. पुष्कळदा गावातच मुकादमाकडून उचल घेऊन ते निघालेले असतात. अशा प्रत्येक स्थलांतराला मानवी व्यापार म्हणता येणार नाही. परंतु उचल फिटेपर्यंत माणसाला परत जाण्याची मुभा उरली नाही, की दोहोंमधील सीमारेषा पुसली जाते. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकत्रच मनाई आहे, ती याच जाणिवेने.

हा व्यापार शहरात उघडकीस येतो. त्याचा आरंभ मात्र घराच्या उंबरठ्यावर होतो. तेथे त्याला व्यापार असे नाव नसते. कधी ते देवाला केलेले समर्पण असते, कधी विवाह, कधी उचल. देवदासी प्रथेविषयीचे तमिळ आणि मराठी लेखन एकत्र वाचले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

मूवलूर रामामिर्तम् अम्मैयार यांची ‘दासिगळ् मोसवलै’ ही कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेने हे जीवन स्वतः अनुभवले होते. शीर्षकातील ‘मोसवलै’, म्हणजे कपटजाळे, हा शब्द सकृद्दर्शनी दासींनाच दोषी ठरवतो. तथापि मुलीला या जाळ्यात प्रथम ओढणारे हात घरातल्याच वडीलधाऱ्या बाईचे असतात आणि त्या घराचा चरितार्थ दुसऱ्या कशावर चालत नाही, हे विसरता येत नाही. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी हे मर्म ओळखले होते. त्यांच्या प्रयत्नांनी १९२९ मध्ये मद्रास इलाख्यात कायद्याची जी दुरुस्ती झाली, तिने देवदासींच्या इनाम जमिनी देवळातील सेवेच्या अटीतून मुक्त केल्या. सेवा सोडली तरी जमीन जाणार नाही, ही ती तरतूद होती. आश्रय मागत आलेल्या मुलींसाठी त्यांनी १९३० मध्ये अव्वै इल्लम् सुरू केले. संपूर्ण प्रथाबंदीचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. जमीन आणि निवारा आधी, मनाई नंतर, असा हा क्रम आहे.

मराठी मुलुखातही आवाज जुनाच आहे. शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रात १९०९ मध्ये शिवुबाई लक्ष्मण जाधव या मुरळीचे पत्र छापले गेले. ज्यांच्याविषयी सुधारक बोलत, त्यांच्यापैकी एक स्त्री येथे स्वतः बोलू लागली. मुंबई इलाख्याने १९३४ मध्येच समर्पण बेकायदा ठरवले. असे असूनही १९८५ मध्ये राजन गवस यांना ‘चौंडकं’ ही कादंबरी लिहावी लागली, आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला.

मनाई आधी होऊनही प्रथा इतकी टिकली, याचे कारण सीमाभागातील घरांच्या स्थितीत शोधावे लागते. यल्लम्माला वाहिलेल्या मुली बहुतांशी दलित, भूमिहीन घरांतल्या. मुलीच्या केसांत जट दिसली की देवीचे बोलावणे आले असे मानायचे, आणि भीती व दारिद्र्य यांनी मिळून निर्णय घ्यायचा. पुढे त्यांतल्या कित्येकींची वाट मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीकडे गेली. दलाल त्या वाटेवर फार उशिरा भेटतो. तोवर मुलीचे लग्न, शिक्षण आणि वारसा हे तिन्ही दरवाजे गावानेच बंद केलेले असतात. मद्रासच्या कायद्याने जमिनीचे बंधन सोडवले. येथे सोडवण्यासाठी जमीनच नव्हती, आणि तिच्या जागी दुसरे काही देण्यास समाज पुढे आला नाही.

म्हणूनच प्रतिबंधाचे खरे काम सुटकेच्या छाप्यापेक्षा कितीतरी आधीचे असते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन, आईबापांची समजूत घालून मुलींची जट कापतात, तेव्हा त्या समर्पणाचे निमित्तच कापून टाकतात. उचलीच्या बाबतीतही १९७६ च्या कायद्याने वेठीचे कर्ज रद्द ठरवले. पण आजारपणाला, लग्नाला किंवा दुष्काळाला लागणारा पैसा मुकादमाखेरीज कोणी देणार नसेल, तर रद्द झालेले कर्ज पुढल्या हंगामात नव्याने जन्मते.

रामामिर्तम् अम्मैयार यांचे नाव तमिळनाडूत पुढे एका सरकारी योजनेला मिळाले. प्रारंभी ती गरीब मुलींच्या लग्नासाठी साहाय्य देत असे. २०२२ पासून त्याच नावाने सरकारी शाळांतून उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींना दरमहा १,००० रुपये दिले जाऊ लागले. रक्कम लहान आहे. पण मुलगी शिकते म्हणून घरात पैसा येतो, हा हिशेब त्या उंबरठ्याच्या आत प्रथमच मांडला गेला, आणि जुन्या हिशेबाला उत्तर द्यायचे ते तेथेच.