वाळूवर तंबू नको

मागच्या डिसेंबरात आम्ही इंदूरची चार कुटुंबं कयाक घेऊन नर्मदेवर गेलो. दुपारी मंडलेश्वरहून निघायचं, वाटेत दक्षिण काठावर मुक्काम करायचा, सकाळी महेश्वर. रस्त्याने अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण सोबत मुलं होती. आईला हे पसंत नव्हतं. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत आणि आम्ही खुशाल या काठावरून त्या काठावर! शेवटी तिनेच दशम्या आणि दाण्याची चटणी बांधून दिली.

मुक्कामाची जागा मी उपग्रह नकाशावर हेरून ठेवली होती. सपाट वाळू, पाण्यापासून वीस पावलं. सामानाची नाव घेऊन आलेले नावाडी दादा म्हणाले, "भैया, यहाँ नहीं. ऊपर."

आभाळ निरभ्र, पावसाळा संपून दोन महिने झालेले. मी वाद घातला. त्यांनी खडकावरची ओली रेघ दाखवली. ती आमच्या गुडघ्याच्या वर होती. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही धरणं आहेत. विजेची मागणी वाढली की टर्बाइन चालतात आणि ते पाणी आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणजे पाऊस नसतानाही नदी चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला, अमावस्येच्या जत्रेत, असंच धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले. तेव्हा मी बारावीत होतो, बातमी वाचली होती. नकाशा बघताना ती आठवली नाही.

कुरकुरत सगळं सामान वर चढवलं. ती जागा खडबडीत होती आणि मुलं वैतागली. मी मात्र हट्टाने खालच्या जागेवर एक काठी रोवून ठेवली.

पहाटे तीनला जाग आली. आवाज काहीच नव्हता. टॉर्च मारला तर काठीभोवती पाणी. दुपारी मुलीची झोपायची जागा मी तिथेच पायाने आखली होती. बराच वेळ टॉर्च बंद करवेना.

सकाळी नावडातोडीवरून गेलो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५०च्या दशकात इथेच ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरून काढली. ते घरही उंचावरच होतं, हे मुलीने ओळखलं. समोर अहिल्याबाईंचा घाट. सहस्रधारेच्या अलीकडेच वल्ही आवरली. २०२३ला तिथे 'खेलो इंडिया'ची स्लॅलम स्पर्धा झाली होती, ते आमचं काम नव्हे.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. यायचं असेल त्यांनी कळवा. जागा दादा निवडतील.